वाचून दाखवायचा राहिलेला जबाब

३ नोव्हेंबर, सोमवार

लॅपटॉप उठत नाही. सकाळी झाकण उघडलं तर पडदा काळाच. बटण दाबलं की पंखा दोन क्षण फिरतो, कडेचा पांढरा दिवा स्थिर होतो, मग पंखा थांबतो आणि दिवा पुन्हा मंद लुकलुकायला लागतो. म्हणजे जागा होतो आणि कूस बदलून परत झोपतो. वीस-पंचवीस वेळा करून बघितलं.

माझं बाकी सगळं लिखाण पेनड्राइव्हवर आहे. अप्पांचा जबाब तेवढा नाही. तो दुसरा कुठेच नाही.

अप्पांनी दहा वाजता हातानंच विचारलं, बसायचं का. म्हटलं, डोकं दुखतंय आज. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला. फार वाईट वाटलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

नीट लिहून काढते, म्हणजे माझा मूर्खपणा मलाच स्वच्छ दिसेल.

अप्पा कोर्टात स्टेनो होते. जन्मभर लोकांचे जबाब उतरवून घेतले. प्रत्येक जबाबाच्या शेवटी एक ओळ असायची, वाचून दाखवले, बरोबर आहे. मग सही. वाचून दाखवेपर्यंत तो कागद म्हणजे नुसता आवाज, असं ते म्हणायचे. आई किराण्याची यादी करायची, तीसुद्धा वाचून दाखवल्याशिवाय पिशवी उचलायचे नाहीत.

जूनमध्ये झटका आला. हातपाय वाचले, शब्द गेले. हळूहळू काही परत आले, तेही सकाळी अर्धा तास. दसऱ्यानंतर एके दिवशी चहा पिता पिता म्हणाले, "माझा घे."

"काय घेऊ?"

"जबाब."

"कुणासाठी?"

कप खाली ठेवून म्हणाले, "वसंताला."

वसंताकाका म्हणजे अप्पांचा धाकटा भाऊ. राहतो चितेगावला, इथून तासाच्या आत. बावीस वर्षं दोघं एकमेकांशी बोललेले नाहीत. आई गेली तेव्हा काका आला, दारात उभा राहिला आणि गेला.

पहिल्याच दिवशी पडद्याच्या कोपऱ्यात 'जतन केले' असं उमटलं. अप्पांनी बोट दाखवलं. "कुणी सही केली?" समजावलं की यंत्र आपोआप ठेवतं, सोय आहे. त्यांना पटलं नाही. "वाचल्याशिवाय नाही." त्यांचं मन राहावं म्हणून मी ती सोय बंद करून टाकली. फाइलला नावही दिलं नाही. मी लॅपटॉप कधी बंद करतच नाही, नुसतं झाकण लावते. रोज सकाळी उघडायचं, आदल्या दिवशीची ओळ समोर असायची. अकरा सकाळी. दोन पानं आणि थोडं. एके दिवशी तर फक्त 'तू तेव्हा निळा शर्ट घातला होतास' एवढंच.

शेवटची ओळ झाल्यावर म्हणाले, "उद्या वाच." तो उद्या म्हणजे काल.

५ नोव्हेंबर, बुधवार

ज्याला विचारावं तो एकच सांगतो. बटण दहा सेकंद दाबून धर, पूर्ण बंद होईल, मग चालू कर. मी ज्या मासिकात लिहिते तिथल्या संपादक बाईंनीही तेच सांगितलं, वर "एवढं काय त्यात" म्हणाल्या. बरोबरच आहे. लॅपटॉप बरा होईल. जबाब जाईल.

दुपारी सुनीताचा फोन. वसंताकाकाची मुलगी, नागपूरला असते. आम्ही दोघी चोरून बोलतो, बावीस वर्षं.

"ताई, बाबांना घेऊन चालले मी नागपूरला. सोळा तारखेला, रविवारी. डोळ्यांनी दिसंना झालंय त्यांना. एकटं कसं ठेवू?"

"काका तयार झाला?"

"कुठले. म्हणतायत, मला तिथं कोण ओळखतं. मी म्हटलं, इथं तरी कोण येतंय."



नागपूर म्हणजे परत भेट नाही, एवढं दोघींनाही कळतं. अप्पांना प्रवास झेपणार नाही, आणि काकाला परत आणणार कोण. सोळा तारीख. अकरा दिवस.

६ नोव्हेंबर, गुरुवार

औरंगपुऱ्यात गेले, नईमभाईंकडे. लॅपटॉप न घेता. त्याची बॅटरी म्हातारी झालीय आणि चार्जरची पिन ढिली. जरा हलवला की चार्जिंग तुटतं. आणि झोपेत वीज तुटली तर पोटातलं सगळं गेलं. म्हणून सोमवारपासून मी त्याला जागचा हलवलेला नाही, कुणाला हात लावू दिलेला नाही. मोबाइलवर त्याच्या दिव्याचं चित्रीकरण करून नेलं. पेशंट घरी ठेवून दवाखान्यात गेल्यासारखं.

नईमभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, आता लॅपटॉप. दुकान तेवढंच, बोळातलं, दोन माणसं उभी राहिली की भरलं. त्यांनी ते चित्रीकरण तीनदा पाहिलं, चष्मा वर करून, चष्मा खाली करून.

"ताई, ये सोरा है. मरा नै."

"उठत का नाही मग?"

"उठता बी है. फिर सो जाता. कुणीतरी त्याला सांगतंय, सो जा." मग प्रश्न. पडला का? पाणी सांडलं? नवीन काही टाकलं? "चुंबक? किसी किसी कव्हर में रहता. झाकणात पण असतंय, त्याच्यावरनं तर त्याला कळतं की झाकण लागलं, आता झोपायचं."

म्हटलं, कव्हर नाही, चुंबक नाही, आमच्या घरात असलं काही नाही.

"फिर देखना पडेगा. ते बटण मात्र नक्को दाबू. लोक बोलेंगे, तुम नक्को सुनो. उद्या जुम्म्याच्या नमाजनंतर येतो मी."

तोवर करायला दोन गोष्टी सांगितल्या. टॉर्चचा उजेड तिरपा पाडून पडद्यावर काही पुसट दिसतं का बघायचं. आणि वायरनं टीव्हीला जोडून बघायचं. घरी येऊन दोन्ही केलं. टीव्हीवर निळा रंग. टॉर्चमध्ये माझाच चेहरा.

मागे वळले तर अप्पा दारात उभे होते. किती वेळ, कोण जाणे. मग सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. लॅपटॉपकडे बघून एवढंच म्हणाले, "झोपू दे त्याला."

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नईमभाई आले. टोपी खिशात, हातात चामड्याची छोटी पेटी. लॅपटॉप अप्पांच्या दोन जाड कायद्याच्या पुस्तकांवर ठेवलेला असतो, खालून वारं लागावं म्हणून. ते बघून हसले. "वजनदार गवाह है दोनो."

उचलून खालून बघावं लागेल म्हणाले. मी नको म्हटलं. पिन सुटली तर?

"तुमचा माल, तुमची मर्जी. मैं जबरदस्ती नै करता." मग कळा दाबून पाहिल्या, दिवा पाहिला, कान लावून ऐकलं. पंखा दोन क्षण, मग शांत. "समझ में नै आरा," सरळ सांगून टाकलं. मला ते आवडलं.

चहा पिताना अप्पांकडे टक लावून बघत होते. "साहब, आप कोर्ट में थे ना? टायपिंग पे?"

अप्पांनी मान हलवली.

"माझी गवाही तुम्ही लिहिली होती. दुकानाचं भांडण होतं. तुम्ही वाचून दाखवली, मी म्हटलं, साहब, एक बात गलत हो गई. लिखनेवाले की नै, माझीच. मी घाबरून दरवाजा बंद होता म्हणालो. उघडा होता." हसले. "सगळे चिडले माझ्यावर. साहबांनी काही नै बोलले. कागज फिरसे मशीन पे चढाया."

अप्पांना आठवलं का, कळलं नाही. चहा मात्र त्यांनी निम्माच घेतला.

८ नोव्हेंबर, शनिवार

दुपारी लाइट गेली. पाऊण तास. मी खुर्ची ओढून दिव्यासमोर बसले. श्वासासारखा मोठा होतो, लहान होतो. एकदा खूप वेळ आलाच नाही असं वाटलं. मग आला.

अप्पा माझ्या शेजारी येऊन बसले. 

९ नोव्हेंबर, रविवार

आज नळ आला, आठवड्यानं. टाकी, पिंपं, बादल्या भरून झाल्यावर अप्पांना विचारलं, "परत सांगता का? मी वहीत लिहून घेते."

बसले. ताठ, कोर्टात बसायचे तसे. "वसंता," म्हणाले. मग ओठ हलत राहिले. गेल्या आठवड्यात अंगात कसर होती त्यांच्या, तेव्हापासून शब्द आणखी कमी झालेत. दहा मिनिटांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

"झालं सांगून," म्हणाले. "एकदाच होतं."

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मी एक गोष्ट केली. सकाळी वहीत जबाब पुन्हा लिहून काढला. आठवतो मला. लिहिणं हेच माझं काम आहे. काका कामाला होता त्या कारखान्यातल्या एका यंत्राची तुटलेली जाळी, काकानं ती बदलून मागण्यासाठी अप्पांना टाइप करायला लावलेला अर्ज, नंतर त्याच यंत्रात एका माणसाचा चिरडलेला हात, 'असा अर्ज आलाच नाही' असं वरच्यांचं म्हणणं, ठपका काकावर. अर्जाची कार्बन कॉपी फक्त अप्पांकडे. काका येऊन सांगून गेला होता, दादा, मंगळवारी चौकशी आहे, कागद घेऊन ये, दोन शब्द सांग. अप्पा गेले नाहीत. काकाची नोकरी गेली आणि नावही गेलं.

सगळं उतरलं. चांगलं उतरलं. अप्पांना वाचून दाखवलं.

शेवटपर्यंत ऐकलं त्यांनी. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"छान आहे," म्हणाले. "तुझं आहे."

पान फाडलं नाही. वहीत तसंच आहे. निळा शर्ट मात्र त्यात घालायला मी विसरले होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

मंगळवारी बी.पी. बघते अप्पांचं. गेल्या मंगळवारी या गोंधळात राहूनच गेलं होतं. पट्टा गुंडाळताना लक्षात आलं, मनगट मोकळं. तिथली कातडी पांढरी पडलेली, कड्याच्या रुंदीची. तांब्याचं कडं, दोन टोकांना दोन काळे मणी, आत्याबाईंनी आणलेलं, बी.पी. उतरतं म्हणून. आंघोळीलाही काढत नाहीत ते.

"अप्पा, कडं कुठंय?"

त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. आणि अगदी सरळ, एका दमात म्हणाले, "त्याला घातलंय. तापला होता."

 ते दोन काळे मणी म्हणजे चुंबक. कड्याच्या खोक्यावरच लिहिलेलं होतं, चुंबकीय. सहा वर्षं रोज बघतेय त्या हाताकडे, आणि नईमभाईंना मी म्हणाले, आमच्या घरात असलं काही नाही.

डाव्या पुस्तकावर, पुढच्या काठाला, लॅपटॉपच्या पोटाखाली सरकवून ठेवलेलं. शेवटच्या दिवशी लॅपटॉप गरम झाला होता, मी "फार तापलाय हा" म्हणत झाकण लावून उठले होते. त्यांनी मागे राहून औषधपाणी केलं. आणि आठ दिवस कुणाला उचलू दिलं नाही ते मी.

पिन एका हातानं दाबून धरली, दुसऱ्या हातानं कडं बोटभर बोटभर बाहेर ओढलं. पूर्ण निघालं तसा पडदा आपोआप उजळला. बटणाला हातही लावला नाही.

'वसंता, तू तेव्हा निळा शर्ट घातला होतास.' तिथंच होतं सगळं.

आणि मी लगेच ते जतन केलं. नाव दिलं, पेनड्राइव्हवरही घेतलं. करार मोडला. अप्पा खिडकीकडे बघत होते. त्यांना बोलले नाही.

नईमभाईंना फोन केला. बराच वेळ हसले. मग म्हणाले, "साहब को सलाम बोलना. बीमार की खिदमत थी वो. दुरुस्ती माझ्याच्यानं झाली नै, पण झोपलाय म्हटलं होतं मी."

कडं अप्पांच्या हातात परत घातलं. त्यांनी लॅपटॉपवर तळवा ठेवून बघितला, ताप उतरला का.

१२ नोव्हेंबर, बुधवार

वाचू का म्हटलं. "उद्या."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

वाचलं. सावकाश, एकेक ओळ. ते डोळे मिटून होते. वाचत वाचत मी कार्बन कॉपीपर्यंत आले. पुढची ओळ, 'मंगळवारी मी येणार होतो. साहेबांनी रजा दिली नाही.'

"थांब."

थांबले.

"रजा," म्हणाले. मग इतका वेळ गेला की मला वाटलं शब्द निसटला. निसटला नव्हता. "मिळाली होती."

 ते तुकड्यातुकड्यांनी सांगत गेले, मधे पाणी प्यायले. रजा मिळाली होती. घरून डबा घेऊन निघाले. कागद पिशवीत होता. कारखान्याकडे जाणारी पैठण रोडची गाडी समोर उभी होती. चढले नाहीत. सिद्धार्थ उद्यानात बाकावर बसले, संध्याकाळपर्यंत.

"का?"

"भ्यालो."

कशाला, ते सांगितलं नाही. नोकरीला असेल. कोर्टातल्या माणसानं साक्षीला उभं राहायला असेल. मला तो दिवस आठवतो. म्हणजे डबा आठवतो. आई ओट्यापाशी डबा उघडून म्हणाली होती, भाजीला हातही लावला नाही, आवडत नसेल तर सांगत जा. तेव्हा मी चोवीस वर्षांची होते, मला वाटलं, भाजीचंच भांडण.

रजेची ओळ खोडली. त्यांनी सांगितलेलं घातलं, त्यांच्याच शब्दांत, एकही शब्द न सजवता. मग परत पहिल्यापासून वाचलं.

"बरोबर आहे," म्हणाले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

राहवेना. सांगून टाकलं की मंगळवारीच जतन केलं होतं, न वाचता.

बघत राहिले माझ्याकडे. "म्हणजे ती रजेची ओळ पण."

"हो. ती पण."

जरा विचार केला. "रफ म्हण तिला," म्हणाले. पहिल्यांदा हसल्यासारखं झालं तोंड.

कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणलं. तीन पानं. सही करा म्हटलं तर पेन बाजूला ठेवलं.

"त्याला वाचून. मग."

"काकासमोर? तुम्ही येणार?"

"दिसत नाही त्याला," म्हणाले. म्हणजे सुनीताचे ते फोन यांना सगळे माहीत होते.

१५ नोव्हेंबर, शनिवार

सुनीताला कळवलं. ती काकाला विचारून पाच मिनिटांत सांगते म्हणाली. दोन तासांनी फोन आला.

"ताई, हो पण म्हणाले नाही, नाय पण म्हणाले नाही. अंगण झाडून घेतलं मात्र."

अप्पांनी मला सीताफळं आणायला पाठवलं. दौलताबादचीच बघ म्हणाले. प्रत्येक फळ दाबून बघितलं, दोन परत करायला लावली.

१६ नोव्हेंबर, रविवार

काकाच्या ओसरीवर बसून लिहितेय. पेन सुनीताचं.

नऊला पोचलो. काका दारात उभा होता, हात चौकटीवर. केवढा वाळलाय. अप्पा रिक्षातून उतरले, पायरीपाशी थांबले, चपला काढायला लागले. आवाजानंच कळलं असणार त्याला.

"चप्पल आत घे, दादा," म्हणाला. "कुत्रं नेतंय."

एवढंच. घरातलं सामान बांधून झालेलं, दोन खुर्च्या तेवढ्या सुट्या. दोघं त्यांवर बसले, मी बोचक्यावर. सुनीता स्वयंपाकघराच्या दारात. काकानं सीताफळ हातात घेऊन फिरवलं आणि मांडीवर ठेवलं.

मी वाचलं. सगळं. निळ्या शर्टपासून. जाळी, अर्ज, मंगळवार, डबा, बाक. आवाज कुठं हलला असेल तर हलला.  अप्पा गुडघ्यांवर हात ठेवून ताठ बसलेले, कडं मनगटावर. शेवटच्या ओळीनंतर बाहेर कुणाची तरी मोटारसायकल गेली, तिचा आवाज पार रस्त्यापर्यंत ऐकू आला.

अप्पा म्हणाले, "बरोबर आहे." पेन घेतलं, सही केली. वेळ लागला.

काकानं हात पुढं केला, मी कागद दिला. दिसत नाही तरी डोळ्यांपाशी नेला, शाईचा वास घेतल्यासारखा. परत माझ्याकडे दिला.

"बागेत बसलो म्हणाला ना. तिथनं परत वाच, पोरी," म्हणाला. "सावकाश."

आता त्यांचा चहा चाललाय आत. गाडी दुपारची आहे. दोनदा वाचून झालं. सुनीता येऊन म्हणाली, ताई, बाबा परत बोलावतायत, कागद घेऊन.